जन्मगावाचा रकाना

सासूबाईंच्या माहेरी एक कथा चालत आली आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफक परगण्यात म्हणे त्यांच्या घराण्याचं मोठं शेत होतं, लाल विटांचं भलंथोरलं घर होतं, तबेल्यात घोडे होते. मग कोणीतरी शर्यतीच्या नादात सगळं घालवलं आणि घरातला पोरगा लंडनला घोडागाडी हाकायला आला. सासूबाईंचे थोरले भाऊ दर ख्रिसमसच्या जेवणाला ही कथा सांगतात आणि दरवर्षी ते शेत थोडं वाढतं.

पोरगा मात्र खरा. तो सासूबाईंचा खापरपणजोबा. १८६३ साली लंडनलगतच्या वेस्ट हॅममध्ये त्याचं लग्न झाल्याची नोंद आहे, आणि पुढच्या प्रत्येक खानेसुमारीत तो सापडतो. धंदा : मालाची घोडागाडी हाकणे. अडलं होतं ते जन्मगावाच्या रकान्यात. १८७१ मध्ये तिथे लिचम लिहिलंय, १८८१ मध्ये मायलम, १८९१ मध्ये डिअरम, आणि १९०१ मध्ये नुसतंच 'नॉरफक'. माणूस एकदाच जन्मतो. हा तीन गावांत जन्मला होता.

सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. "माझे गुडघे चालतायत तोवर जाऊन येऊ," म्हणाल्या. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि जुन्या कागदांची धूळ त्याला सोसतही नाही. म्हणून निघालो आम्ही दोघी, सासू आणि सून. त्यांची एकच अट होती : लिहायचं असेल तर लिही, पण आमची नावं नकोत. तेव्हा इथे नावं नाहीत.

पहिला दिवस : रेडिंग ते डिअरम

गाडी मी चालवली आणि रस्ता सासूबाईंनी. एम-२५ वर नेहमीप्रमाणे दीड तास गेला. थेटफर्डचं जंगल लागल्यावर जरा मोकळं वाटलं. वाटेत एल्व्हडन गाव येतं. पंजाबचा शेवटचा महाराजा दुलीपसिंग याने १८६३ साली ती इस्टेट विकत घेतली. तिथल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. आमचा पोरगा वेस्ट हॅममध्ये लग्नाला उभा राहिला तेही १८६३. म्हणजे हा इकडून लंडनला गेला आणि तो तिकडून इकडे आला. एवढं बोलून आम्ही पुढे निघालो. गुडघ्यांना थांबे परवडत नाहीत.

पाटीवर 'वायमंडहॅम' वाचलं तसं मी मोठ्याने म्हटलं आणि सासूबाई खो खो हसल्या. उच्चार 'विंडम'. हॅपिसबर्ग दिसतं, त्याला 'हेझ्ब्रा' म्हणतात. कॉस्टेसी म्हणजे 'कॉसी'. मला आपलं शीव-सायन आठवलं. पण हसण्यावारी न्यावं असं यात काही नाही. खानेसुमारीचा माणूस दारात उभा राहून कानावर पडेल ते टिपून घ्यायचा. वेस्ट हॅमच्या गणकाला नॉरफकचं गाव काय कळणार? सासूबाईंच्या माहेरचं आडनावही चार नोंदींत तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. शोधताना अक्षरांवर भिस्त ठेवायची नाही, मनातल्या मनात नॉरफकच्या सुरात म्हणून बघायचं. ते सासूबाईंचं काम होतं, कारण त्यांची आजी तसं बोलायची.

मुक्काम डिअरममध्ये, एका बाईंच्या घरातल्या खोलीत. रात्री भूक नव्हती. सोबत नेलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. सासूबाईंनी चटणी मागून घेतली, हे नोंदवून ठेवते.

दुसरा दिवस : दप्तरखाना

नॉरफकचा दप्तरखाना नॉरिचमध्ये, काउंटी हॉलला लागून आहे. कोट, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या लॉकरमध्ये. आत फक्त शिसपेन्सिल, कोरा कागद, लॅपटॉप. शाईचं पेन दिसलं की काढून घेतात. मला वाटलं होतं पांढरे हातमोजे देतील. तर तिथल्या मुलीने सांगितलं, मोज्यांनी पान फाटतं, हात स्वच्छ धुऊन कोरडे करून या. जुनी वही स्पंजच्या उतारावर ठेवायची आणि पानावर बारीक वजनांची माळ टाकायची.

बाप्तिस्मा, लग्न, दफन. इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीने, ही नोंद ठेवावी असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. सुरुवातीची पानं म्हणजे पाद्र्याच्या मर्जीचा कारभार. १८१३ पासून छापील रकाने आले, बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदी. तारीख, मुलाचं नाव, आईबापांचं नाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, पाद्र्याची सही. सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला.

आमची तयारी घरूनच झालेली होती. लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव लिहिलेलं : विल्यम, मजूर. (हे नाव लिहायला हरकत नाही. त्या रजिस्टरांत विल्यम, जॉन आणि थॉमस सोडून पुरुष भेटणं मुश्कील.) जन्माच्या सूचीत १८३८ ते १८४० या काळात आमच्या पोराच्या नावाची तीन बाळं होती, तिन्ही 'मिटफर्ड' जिल्ह्यातली. पण लिचम, मायलम, डिअरम ही सगळी गावं त्या एकाच नोंदणी जिल्ह्यात येतात, त्यामुळे सूचीवरून गाव कळत नाही. तिघांपैकी एकाचा बाप विल्यम, मायलमचा. झालं, हाच आपला, म्हणून आम्ही त्याचा दाखला पैसे भरून मागवला होता आणि वर्षभर त्या मायलमच्या विल्यमची वंशावळ मागे मागे नेत १७२० पर्यंत पोचलो होतो. भिंतीएवढा तक्ता झाला होता.

मायलमच्या दफनाच्या नोंदी मी सहज चाळायला घेतल्या, त्या विल्यमच्या मृत्यूची तारीख मिळावी म्हणून. तो सापडला नाही. सापडला त्याचा मुलगा. मार्च १८४१, वय दोन वर्षं.

म्हणजे ज्याला आम्ही वर्षभर खापरपणजोबा म्हणत होतो तो दोन वर्षांचा असतानाच गेला होता. लंडनला जाऊन गाडी हाकणारा भलताच कोणीतरी.

मी सासूबाईंना कसं सांगावं या विचारात बसले होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बिचारी ती आई." तक्त्याचं काही नाही, १७२० पर्यंतच्या मेहनतीचं काही नाही. त्या दुपारी आम्ही पुढे काही वाचलं नाही. नॉरिचच्या बाजारात जाऊन चिप्स खाल्ले.

हा घोटाळा नवशिक्यांचा असतो म्हणतात. मूल जन्मलेलं सापडलं की आधी ते लहानपणी मेलं तर नाही ना हे बघायचं. हेच मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तिसरा दिवस : पुन्हा दप्तरखाना

माझं माहेर गडहिंग्लजकडचं. लहानपणी आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचा, बैलावर बसून. सोप्यात बसून बाडातलं वाचायचा : अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, कुठून आले, देव कुठला. आजोबा मान डोलवायचे, पायली-दोन पायली जोंधळा द्यायचे. मी एकदा विचारलं होतं, यात आज्जीचं नाव कुठाय? हेळवी हसला होता. हे मी डिअरमहून नॉरिचला जाताना सासूबाईंना सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच चमकलं. आम्हीसुद्धा वर्षभर बापच शोधत होतो.

उरलेल्या दोन बाळांपैकी एकाला बाप होता, पण तो थॉमस. दुसऱ्याच्या नोंदीत आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ. नव्याने केलेल्या सूचीत अशी रेघ बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते : आईचं लग्न झालेलं नव्हतं आणि मूल आईच्याच आडनावाने नोंदलेलं आहे. आम्ही ते बाळ सोडून दिलं होतं, कारण आमच्या पोराच्या लग्नात बापाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

लॅपटॉप उघडून पुन्हा १८४१ ची खानेसुमारी काढली. ६ जूनच्या रात्रीची. ही सगळ्यात आखडत्या हाताने केलेली गणती. पेन्सिलीने लिहिलेली; पंधराच्या वरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलेलं, म्हणजे चोपन्नचा माणूस पन्नासचा दिसतो; आणि घरात कोण कोणाचं काय लागतं याचा रकानाच नाही. लिचममध्ये एक विल्यम, वय ५०, शेतमजूर. बायको. चार मुलं. शेवटी आमच्या नावाचं पोर, वय १. आधी बघितलं तेव्हा वाटलं होतं, हे त्यांचं शेंडेफळ.

१८५१ मध्ये मात्र नात्याचा रकाना आहे, आणि जन्माच्या पॅरिशचाही. तेच घर. तोच विल्यम. आणि पोरगा, वय ११, धंदा : पाखरं राखणे. नातं : नातू. जन्मगाव : ग्रेसनहॉल.

ही नोंद आम्ही पूर्वी बघितली होती आणि टाकून दिली होती. नातू आहे, मुलगा नाही. ग्रेसनहॉलचा आहे, लिचमचा नाही. म्हणजे आपला नाही. लग्नाच्या वेळी पाद्र्याने बापाचं नाव विचारल्यावर रकाना कोरा ठेवायची लाज वाटून आजोबाचं नाव सांगणारे पुष्कळ असत, हे आता कळतंय. खोटं तरी कसं म्हणावं? वाढवलं त्यानेच.

मग ग्रेसनहॉलची बाप्तिस्म्याची वही. डिसेंबर १८३९. बापाच्या नावाची जागा कोरी. आईचं नाव, त्या काळच्या चार-पाच नावांपैकीच एक. राहण्याचं ठिकाण : युनियन हाऊस. धंद्याच्या रकान्यात : अविवाहित.

युनियन हाऊस म्हणजे वर्कहाऊस. गरिबांना राबवून घ्यायचं आणि पोसायचं घर.

त्याने तीन खानेसुमाऱ्यांत तीन गावं सांगितली होती, सगळी त्याच टापूतली, आणि एकच गाव कधी सांगितलं नाही. ते फक्त त्याच्या आजोबाने सांगितलं, पोरगा अकरा वर्षांचा असताना.

आता बाप. इथे सासूबाई हट्टाला पेटल्या. आधीच्या काळात लग्नाशिवाय मूल होणार असलं की गावचे गरीब-पालक (पॅरिशच्या पैशातून गरिबांना पोसायचं काम बघणारे) त्या बाईला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभी करून शपथेवर बापाचं नाव वदवून घेत, आणि त्याच्याकडून हमीपत्र घेत : पोराचा खर्च मी देईन, पॅरिशवर भार पडणार नाही. लिचमच्याच शेजारच्या गावचे १८२० च्या दशकातले असे कागद आम्ही मागवून वाचले. कुठे भेटले, किती वेळा, त्याने काय वचन दिलं, सगळं एका लेखनिकाने तिच्या तोंडचं लिहून घेतलेलं. वाचताना आपण दाराला कान लावलाय असं वाटतं. पण १८३४ च्या गरीब कायद्याने हे उलटं केलं. पोराचा भार आईवरच टाकला आणि बापाकडून वसूल करणं फार अवघड करून ठेवलं. आईला स्वतःला कोर्टात दावा लावायची वाट मिळाली ती १८४४ मध्ये. आमचं पोर जन्मलं १८३९ ला, नेमकं त्या दहा वर्षांत. सात वर्षं आधी जन्मलं असतं तर बापाचं नाव कागदावर असण्याची बरीच शक्यता होती. त्या नावाशी पॅरिशला माणुसकीचं काही देणंघेणं नव्हतं, बिल कोणाच्या नावे फाडायचं एवढाच प्रश्न होता. बिल फाडणं बंद झालं तसं नावही लिहिलं गेलं नाही.

तरी दुपारभर वर्कहाऊसच्या पालक मंडळाच्या सभांची वही चाळली. केवढी ती वही, दोघींनी मिळून उलटायची पानं. पीठ, कोळसा, बूट, शवपेट्यांचा ठेका. आमची बाई कुठेच नाही. सासूबाईंनी डोळ्यांत थेंब घालून परत वाचलं. नाही.

निघता निघता ती दुसरीकडे सापडली. १८४३, मायलमचं लग्नाचं रजिस्टर. नवरा शेतमजूर, आधीची बायको वारलेला. त्याची फुली, तिची फुली, बाजूला पाद्र्याने लिहिलेलं : 'हिची निशाणी'. आपल्याकडे जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर असायची. इथे सगळ्यांना एकच फुली. पण तिची फुली जरा तिरकी आहे, एक पाय लांब. सासूबाई स्क्रीनजवळ जाऊन ती बघत राहिल्या. १८५१ मध्ये ती मायलमला आहे, चार सावत्र आणि तीन स्वतःच्या मुलांत. पोरगा तिथून तीन मैलांवर आजोबाकडे पाखरं राखतोय.

चौथा दिवस : लिचम, मायलम

पाऊस. लिचमचं चर्च उघडं होतं, आत चित्रं रंगवलेला मध्ययुगीन लाकडी पडदा आहे, सुंदर. आवारात दगड शोधले. शेतकऱ्यांचे आहेत, गिरणीवाल्याचा आहे, पाद्र्यांचे आहेत. मजुराला दगड परवडत नसे. फार तर लाकडी फळी, ती कधीच कुजून गेली. विल्यम इथेच कुठेतरी पुरलेला आहे आणि आम्ही बहुधा त्याच्यावरूनच चालत होतो. सासूबाई कडेकडेने चालू लागल्या.

मायलम हे एडवर्ड कोक या मोठ्या कायदेपंडिताचं जन्मगाव, १५५२ चं. त्याच्या जन्मगावाबद्दल कोणाला शंका नाही. आम्ही तिथे गाडीतच बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि परत आलो.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "तू हे तुझ्या आईला सांगशील?" वर्कहाऊसचं म्हणत होत्या. मी म्हटलं, तुम्ही सांगा म्हणालात तर सांगेन. (मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, लग्नानंतर वर्षभर जीभ वळत नव्हती. मनात मात्र 'तुम्ही'च असतं.) त्या म्हणाल्या, "सांग. तिला तो बैलवाला माहीत आहे, तिला कळेल."

पाचवा दिवस : ग्रेसनहॉल

डिअरमपासून तीनेक मैल. झाडीतून वळण घेतलं आणि समोर ती इमारत आली. सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा."

लाल विटा. लांबच लांब, राजवाड्यासारखी. १७७७ मध्ये ती 'उद्योगगृह' म्हणून उघडली, तेव्हा कुटुंबांना एकत्र राहू देत. १८३४ चा कायदा आला, १८३६ मध्ये ती मिटफर्ड आणि लाँडिच युनियनचं (म्हणजे अनेक पॅरिशच्या गटाचं) वर्कहाऊस झाली आणि आवारात भिंती उभ्या राहिल्या. आत आलेल्या कुटुंबातला नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. १९७६ पासून इथे संग्रहालय आहे. भोवती शेत आहे, तिथे अजून सफक पंच जातीचे घोडे काम करतात, तांबूस, रुंद छातीचे, पायांवर फारसे केस नसलेले.

आत एका खोलीत जॅकेटबद्दल माहिती आहे. इथल्या अविवाहित आयांना बाकीच्या बायकांहून वेगळं दिसावं म्हणून अंगात एक जॅकेट घालावं लागे. कापड तेच, वर्कहाऊसच्या इतर कपड्यांचं, फक्त जॅकेट. त्यांना म्हणायचेच 'जॅकेटवाल्या'. १८३९ मध्ये लंडनच्या गरीब कायदा आयुक्तांनी पत्रक काढलं, की अशा बायकांना अपमानाचे कपडे घालू नयेत. त्याच वर्षी ती इथे बाळंत झाली. ग्रेसनहॉलची जॅकेटं मात्र १८६६ पर्यंत चालू राहिली. तोपर्यंत पोरगा लंडनला जाऊन, लग्न करून, दोन पोरांचा बाप झाला होता.

सासूबाई त्या अंगणात बाकावर बसल्या. मी पाणी आणायला गेले, परत आले तर त्या भिंतीच्या विटांवर हात फिरवत होत्या. विटांवर कोणी कोणी अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही आमचं अक्षर शोधलं नाही. तिला लिहिताच येत नव्हतं.

नंतर घोड्यांकडे गेलो. तिथे त्या जास्त वेळ थांबल्या. एका घोड्याने त्यांच्या बाहीला तोंड लावलं. "गाडी हाकायला तो कुठे शिकला असेल कोण जाणे," म्हणाल्या. आजोबाकडे शिकला असेल, शेतकऱ्याच्या घोड्यांवर. किंवा लंडनला गेल्यावर. खानेसुमारी दहा वर्षांतून एकदा दार ठोठावते, आणि १८६१ च्या गणतीत आम्हाला तो अजून सापडलेलाच नाही.

परतीच्या वाटेवर थेटफर्डच्या आसपास सासूबाईंच्या भावाचा फोन आला. गाडीत स्पीकरवर. काय झालं, सापडलं का घर? मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"सापडलं ना," त्या म्हणाल्या. "लाल विटांचं. तू सांगतोस त्याच्याहून मोठं आहे. पन्नास एकर जमीन आहे भोवती. घोडेसुद्धा आहेत."

"मी सांगत नव्हतो का!" भाऊ म्हणाले.

"हो. ख्रिसमसला ये, सगळं सांगते."